मॉन्टेसरीत वहीच नाही, मग पहिलीला कसं होणार?

लेकीची_आई (मुलुंड)

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज राहवलं नाही. लेक ऑगस्टमधे पाच पूर्ण झाली, येत्या जूनला पहिली. ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण हवीत त्यात ती बसते, तो प्रश्न नाहीये. अडीच वर्षं घराजवळच्या एका मॉन्टेसरीत जातेय, तीन ते सहाची मुलं एकत्र, पंचवीसेक असतील, दोन ताई आणि एक मावशी. ती तिथे इतकी रमते की रविवारी सकाळी पण चपला घालून दारात उभी. घरी आली की चपला जागेवर, डबा सिंकमधे, मग आजीशेजारी फतकल मारून लसूण सोलायला बसते, एकही पाकळी मोडत नाही.

पण गेल्या आठवड्यात पहिलीच्या ॲडमिशनसाठी एका शाळेत चौकशीला गेलो, मराठी माध्यम, पुढे सेमी. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, हिची वही दाखवा. आमच्याकडे वहीच नाहीये हो! अडीच वर्षांत एकही वही नाही, वर्कबुक नाही, गृहपाठ नाही. मी म्हटलं मॉन्टेसरीत आहे, तर म्हणाल्या बरं मग लिहिता काय काय येतं, शंभरपर्यंत अंक, बाराखडी, आणि टेबलावरचा कागद तिच्यापुढे सरकवला. तिने पेन्सिल घेतली, फार वेळ लावून एक म काढला, मग ळ उलटा काढला आणि पेन्सिल खाली ठेवून मला म्हणाली, आई मला अक्षरं मांडायला दे ना, मी मांडते. बाई काही वाईट बोलल्या नाहीत पण ज्या हसल्या ते घरी येईपर्यंत मला टोचत होतं.

आमच्याच मजल्यावरची तिच्याच वयाची मुलगी सीनियर केजीत आहे, ती माय नेम इज पासून चार चार ओळी लिहिते, शंभरपर्यंत अंक लिहिते, वहीत स्टार मिळालेले दाखवायला आणते. सासूबाई थेट बोलत नाहीत पण त्या वह्या हातात घेऊन बघत बसतात. नवऱ्याचं म्हणणं, दिवाळीनंतर मॉन्टेसरी सोडून एखाद्या बालवाडीत मोठ्या शिशूत घालू, निदान पाच सहा महिने तरी बाकावर बसायची आणि लिहायची सवय लागेल. मला मन होत नाहीये, पण माझ्या हट्टापायी पोरीचं पहिलीचं वर्ष रडत जायला नको. ज्यांची मुलं मॉन्टेसरीतून मोठ्या शाळेत गेलीत त्यांनी सांगा, खरंच त्रास होतो का? आणि काय करून घ्यायला हवं या सात महिन्यांत?

बाबा_गोरेगाव

ताई, तुमची पोस्ट वाचून दोन वर्षांपूर्वीचं आमचं घर डोळ्यासमोर आलं. मुलगा मॉन्टेसरीतच होता, पण आम्ही दोन वर्षांनी काढला, कारण इकडे बऱ्याच शाळांची भरती नर्सरी ज्युनियरलाच होते, पहिलीला जागा उरतील की नाही याची धास्ती. म्हणून सीनियर केजीला एका नावाजलेल्या शाळेत घातला. पहिले तीन महिने फार वाईट गेले. वर्गात पन्नासच्या वर मुलं, रोज फळ्यावरून उतरवून घ्यायचं, त्याचं पूर्ण व्हायच्या आत फळा पुसलेला असायचा. घरी येऊन उजवा हात दाबत बसायचा, बाबा हात दुखतो. आम्हाला वाटायचं नाटक करतो. एकदा रात्री बघितलं तर मधल्या बोटावर पेन्सिलचा खोलगट वळ उठलेला, इतकी गच्च धरायचा.

आणखी एक चूक आमची अशी की तो नोव्हेंबरचा आहे. नियमात बसत होता म्हणून पहिलीत ढकलला, म्हणजे जूनमधे साडेपाच वर्षांचा. त्याच्या वर्गात जानेवारी फेब्रुवारीची मुलं होती, नऊ दहा महिन्यांचा फरक त्या वयात खूप असतो हो. नियम इतकंच सांगतो की याच्या आत घेणार नाही, यावर्षी घातलंच पाहिजे असं तो म्हणत नाही. एक वर्ष थांबलो असतो तर बरं झालं असतं असं बायकोला आणि मला दोघांनाही वाटतं. तुमची मुलगी ऑगस्टची, जूनला पावणेसहाच्या पुढे असेल, तिचं ठीक आहे.

अजून एक, पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेणं कायद्यात बसतच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३. मुलाची किंवा आईबापाची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवला तर शाळेला पहिल्या वेळी २५ हजारापर्यंत आणि नंतर दरवेळी ५० हजारापर्यंत दंड आहे. तुम्ही भांडायला जा असं म्हणत नाही, आपल्याला त्याच शाळेत मूल पाठवायचं असतं हे मलाही कळतं. पण त्या कागदावरच्या उलट्या ळ वरून तिचा प्रवेश अडवायचा अधिकार त्या बाईंना नाही एवढं मनात पक्कं ठेवा, म्हणजे पुढच्या शाळेत जाताना पाय लटपटणार नाहीत.

घाटकोपरवासी

माझं मत वेगळं आहे, स्पष्ट सांगते, राग मानू नका. मॉन्टेसरी चांगलीच असेल, पण ती ज्यांना पुढे पण तसल्याच शाळा परवडतात त्यांच्यासाठी. आपल्याला शेवटी साठ मुलांच्या वर्गातच पाठवायचंय. तिथे कोणी विचारणार नाही की बाळा आज तुला कोणतं काम करायचंय. बाकावर दोन तीन मुलं खेटून, ३५ मिनिटांची तासिका, घंटा झाली की विषय बंद. ज्या पोरीला एकच काम तासभर करत बसायची सवय आहे तिला दर अर्ध्या तासाला उठवलं तर ती रडणारच. माझ्या भाचीचं हेच झालं. ती हुशार आहे, पण पहिलीत बाईंना न विचारता जागेवरून उठून जायची, पाणी प्यायला, खिडकीत बघायला, वर्गातल्या कपाटातून हवं ते काढायला. तिच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती. रोज डायरीत शेरा. सहा महिने तिच्या आईने त्या शेऱ्यांवर सह्या केल्या.

त्यामुळे तुमच्या मिस्टरांचं अगदीच चुकत नाहीये. वही आणा, रोज एक पान लिहून घ्या. मूल रडलं तरी चालेल पण जूनमधे वर्गात एकटं पडायला नको.

बालघरातली_ताई (दादर)

मी २२ वर्षं मॉन्टेसरी घेतेय, त्यामुळे माझं लांबणार आहे, आधीच सांगते.

आधी लेकीच्या आईला. वही नाही म्हणजे लिहिणं चालू नाही असं नसतं. ते इतकं आधीपासून चालू असतं की दिसत नाही. आमच्याकडे दट्ट्यांच्या पेट्या असतात, चार पेट्या, प्रत्येकीत दहा दट्टे, प्रत्येकाला वर एक छोटी मूठ. ती मूठ धरायला अंगठा आणि दोन बोटंच लागतात, म्हणजे तीन वर्षांचं मूल दट्टे काढता घालताना पेन्सिलची पकडच शिकत असतं. मग खरखरीत अक्षरं, सॅंडपेपरची. त्यावर दोन बोटं फिरवायची, ज्या दिशेने लिहायचं त्याच दिशेने, आणि तोंडाने आवाज काढायचा. हा म, हा क. मग मी म्हणते म दाखव. मग शेवटी विचारते हा कुठला? तिन्ही पायऱ्या एकाच दिवशी झाल्याच पाहिजेत असं नाही. त्यानंतर धातूच्या चौकटी, गोल, त्रिकोण, लंबगोल असे दहा आकार, त्यात रंगीत पेन्सिल फिरवून आतली जागा बारीक रेघांनी भरायची. या रेघा जवळजवळ, न थांबता, एकसारख्या यायला लागल्या की समजायचं हात तयार झाला. आणि लसूण सोलणं तुम्ही सहज लिहून गेलात ना, ते पण यातलंच आहे. पाकळी न मोडता साल काढणाऱ्या बोटांना पेन्सिल जड जाणार नाही.

तिने अक्षरं मांडायला मागितली यावरून मला बरंच कळलं. सुटी अक्षरं मांडून ती शब्द करतेय म्हणजे घर, नळ, बदक हे शब्द तिच्या डोक्यात आवाजानुसार सुटे होतात. खूप मुलं क का कि की घडाघडा म्हणतात आणि कागदावर सुटा की दाखवला की गप्प. तिचं डोकं हाताच्या पुढे गेलंय इतकंच, आणि आमच्याकडे ते मुद्दामच तसं ठेवतात. उलटा ळ या वयात कितीतरी मुलं काढतात, त्यावर टोकू नका, बोट फिरवायला खरखरीत ळ परत द्या.

आता घाटकोपरच्या ताईंना. तुमच्या भाचीला झालेला त्रास खरा आहे आणि आमच्यातली बरीच जणं ही गोष्ट पालकांना सांगत नाहीत, ते चुकतं. उठून पाणी प्यायला परवानगी लागते हे त्या मुलीला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. सहा वर्षांच्या मुलाला कारण सांगितलं की कळतं. आम्ही तिसऱ्या वर्षाच्या मुलांना जानेवारीपासून मुद्दाम वेगळं घेतो, दुरेघी वही तेव्हाच येते. फळ्यावर दोन शब्द लिहून ते खाली वहीत उतरवायचे, कारण उभ्या फळ्यावर बघून आडव्या कागदावर लिहायचं हे एक वेगळंच कौशल्य आहे, गोरेगावच्या दादांचा मुलगा तिथेच अडकला होता. त्याला लिहिता येत होतं, उतरवायची सवय नव्हती.

म्हणून तिसऱ्या वर्षाच्या मधे काढू नका. तीन वर्षांचा मेळ असतो तो, पहिली दोन पेरणीची, तिसऱ्यात उगवतं. शिवाय याच वर्षी ती सगळ्यात मोठी असते, लहानांना बटणं लावून देते, मनोरा रचून दाखवते. दिवाळीनंतर नव्या बालवाडीत गेली तर ओळख होईपर्यंत मार्च येईल आणि जूनला पुन्हा नवी शाळा.

फक्त एक तपासा. मॉन्टेसरी या नावावर कोणाचा हक्क नाही, कोणीही पाटी लावू शकतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची खरी वाटते, वयं एकत्र आहेत, वह्या नाहीत. तरी जाऊन तास दीड तास कोपऱ्यात बसा. मुलं स्वतः काम निवडून, चटई अंथरून, झाल्यावर परत जागेवर ठेवतात का. ताई मधेच उठून सगळ्यांकडून एकच गाणं म्हणून घेतात का. आणि साहित्य कपाटात काचेमागे आहे की मुलांच्या हाताला येईल असं आहे.

लेकीची_आई (मुलुंड)

ताई, दादा, खूप आभार. घाटकोपरच्या ताई, राग नाही आला, उलट ते जागेवरून उठायचं माझ्या लक्षातच नव्हतं आलं, माझी पण अगदी अशीच आहे.

मी आज जाऊन बसले तिथे. साहित्य उघड्या मांडणीवर होतं. लेकीने मला बघितलं, हसली, आणि तिच्या कामाला लागली. सोनेरी मणी घेऊन बसली होती. पाच दांड्या दहा दहाच्या आणि तीन सुटे मणी चटईवर ठेवले, आणि शेजारच्या लहान मुलाला म्हणाली, हे पन्नास आणि तीन, याला त्रेपन्न म्हणतात. तिला ५३ लिहिता येतं का हे मला बघायचं होतं, तर तिने कार्डं आणली, ५० चं कार्ड ठेवलं आणि शून्यावर ३ चं कार्ड बसवलं. मी बघतच राहिले. शेजारची मुलगी ५३ लिहिते, पण तिला परवा विचारलं त्रेपन्न मोठे की पस्तीस, तर तिने माझ्याकडे बघून अंदाजाने पस्तीस सांगितलं. तिला कमी लेखायचं नाहीये मला, बिचारी रोज दोन दोन पानं लिहिते.

खडू_आणि_फळा (लालबाग, निवृत्त)

मी महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, त्यातली १९ वर्षं पहिलीचा वर्ग. तेव्हा ज्या वर्गाला ही मुलं येणार त्या वर्गातल्या बाईचं ऐका आता.

मणी बघून बरं वाटलं. मराठीत एकवीस ते नव्व्याण्णव ही नावं मुलांना फार छळतात, बोलताना तीन आधी आणि पन्नास नंतर, लिहिताना पाच आधी. म्हणूनच २०१९ मधे बालभारतीने दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन असं आणलं तेव्हा केवढा वाद झाला होता. मी त्या वादात कुठल्याच बाजूला नव्हते, कारण माझ्या वर्गात ज्यांनी काड्यांचे गठ्ठे बांधले होते त्यांना दोन्ही पद्धती चालायच्या आणि ज्यांनी नुसती उजळणी घोकली होती त्यांना कुठलीच चालत नव्हती.

घाटकोपरच्या ताई म्हणाल्या ते परवडणाऱ्यांचं, त्यावर थोडं सांगते. आज फी बघून तसं वाटणं साहजिक आहे. पण ही पद्धत काढणाऱ्या मॉन्टेसरीबाईंनी पहिलं बालघर उघडलं ६ जानेवारी १९०७ ला, रोममधल्या सान लोरेन्झोत, आणि ती गरीब कामकऱ्यांची वस्ती होती. आईबाप कामावर गेले की इमारतीत पोरं मोकाट, भिंती खराब करतात म्हणून ती एकत्र बसवली. मी लालबागच्या चाळीत वाढले, आम्ही पण अशीच जिन्यावरची पोरं. आणि आपल्याकडे हे काम ताराबाई मोडकांनी उभं केलं. त्या भावनगरला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांबरोबर होत्या, १९२६ मधे नूतन बालशिक्षण संघ काढला, पुढे दादरला शिशुविहार, आणि मग शहर सोडून १९४५ ला बोर्डीला गेल्या, तिथून १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर, वारली पोरांमधे. अनुताई वाघ बोर्डीपासून त्यांच्याबरोबर. परदेशी साहित्य महाग, मग बिया, शिंपले, पानं, खडे यांचं साहित्य केलं. पोरं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या वाडीतल्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. मी डी.एड.ला असताना आम्हाला कोसबाड दाखवायला नेलं होतं, तिथे एक पोरगी करवंटीतून करवंटीत पाणी ओतत होती, थेंब सांडला की स्वतः फडक्याने पुसायची. तेच मी पुढे माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात केलं, दर वर्षी. तेव्हा पैसा नसेल तरी हे होतं, आपल्या स्वयंपाकघरात डाळ तांदूळ निवडायला बसवलं तरी होतं.

आता पहिलीच्या बाईला काय हवं असतं. जूनमधे माझ्याकडे ४५ ते ५० मुलं यायची. बाराखडी लिहिणारं मूल आलं काय आणि न लिहिणारं आलं काय, ऑगस्टपर्यंत मी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासूनच घ्यायचे, कानामात्रा नसलेले शब्द, मग काना, मग वेलांटी. त्यात लिहिणारी मुलं कंटाळायची ती वेगळीच. माझा वेळ कुठे जायचा माहितीये? पंधरा मुलांचे डबे उघडून देण्यात. वॉटरबॅगचं झाकण. चड्डीचं हूक लागत नाही म्हणून बाथरूमला न जाता तिसऱ्या तासाला रडणारी मुलं. रेनकोट! जूनमधे ५० रेनकोट काढायचे आणि सुटताना परत घालायचे, आणि प्रत्येकाची बाही उलटी. ज्या मुलाला हे स्वतःचं स्वतः येतं ते पहिल्याच आठवड्यात स्थिर होतं, वर्गाकडे बघायला लागतं. आणि दुसरं, बोलता येणं. बाई मला समजलं नाही, बाई याने माझी पेन्सिल घेतली, बाई मला शू ला जायचंय. हे वाक्य ज्याला उभं राहून सांगता येतं त्याची मला कधी काळजी वाटली नाही.

तुमच्या मुलीने अनोळखी बाईंसमोर पेन्सिल ठेवून सांगितलं ना, मला मांडायला दे. तेच वाक्य तुमच्याऐवजी बाईंकडे बघून म्हणायला शिकवा. एवढीच तयारी कमी आहे तिची.

घाटकोपरवासी

बाई, रेनकोटचं वाचून माझ्या भाचीची आई पण म्हणाली की हो, त्या बाबतीत तिची एकदाही तक्रार आली नाही. दुसऱ्या सहामाहीत तर बाई तिलाच इतरांना घालून द्यायला सांगायच्या. रोज एक पान रडवून लिहून घ्या हे मी मागे घेते. पण परवानगी विचारायचं, बाकावर बसायचं, हे जूनच्या आधी शिकवाच.

लेकीची_आई (मुलुंड)

बाई, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी काही म्हटलं नाही, पण संध्याकाळी रवा चाळून ताटात पसरला आणि तिला म्हणाल्या, ये, तुझा म काढून दाखव. दोघी बराच वेळ बसल्या होत्या. ळ अजून उलटाच येतोय.

मॉन्टेसरी मार्चपर्यंत चालूच ठेवायची असं ठरलंय, नवरा पण तयार झाला. शाळेच्या वेळेची सवय उन्हाळ्यापासून लावायला लागेन. एकच विचारायचं राहिलं, दादरच्या ताई, दुरेघी वही आत्ताच आणू का जानेवारीतच? ती शेजारचीची बघून मागतेय.

बालघरातली_ताई (दादर)

मागतेय तर आणा की. पण तिला स्वतःला दुकानात नेऊन निवडू द्या, आणि पहिल्या पानावर तुम्ही काही लिहून देऊ नका, गिरवायला ठिपके पण नकोत. वही तिच्या जागेवर ठेवा, शेजारी दोनच पेन्सिली, टोक केलेल्या. दोन आठवडे कोरी राहिली तरी विचारू नका. आणि रेघा रुंद बघा, बारीक रेघांच्या वहीत या वयाच्या हाताला अक्षर बसवता येत नाही, मग मुलं मनगट आवळतात.